दिगंबरभाऊंची लेव्हल

दिगंबरभाऊ समोरच्याचा आवाज बोटांनी कमीजास्त करतात. तुम्ही बोलत असता आणि त्यांच्या उजव्या हाताची चिमूट हवेत वरखाली सरकत असते. आवाज चढला की चिमूट खाली, पडला की वर. मी शिकवणीवाला माणूस, माझ्यापुढे ती थेट मांडीवर टेकते. "सर, काहून ओरडून राहिले? मी काय शेवटच्या बाकावर बसलो का?"

अमरावतीत माझ्या वर्गाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ आहे. पंचवीस वर्षं लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग. हल्ली पोरांना वर्गात यायचाही कंटाळा, म्हणून मी धड्यांचे व्हिडिओ करतो आणि आवाज नीट करायला भाऊंकडे देतो. वर्तुळाचा धडा देऊन तीन आठवडे झाले. परीक्षा तोंडावर आली, पोरांचे पालक मला विचारतात, मी भाऊंना विचारतो आणि भाऊ चिमूट खाली करतात.

कारण भाऊ प्रत्येक वाक्याचा आवाज हातानं लावतात. सॉफ्टवेअरमध्ये ऑटो लेव्हल नावाचं बटण आहे. दाबलं की बारीक आवाज वर, मोठा आवाज खाली, पाच मिनिटांत काम फत्ते. हे मी एकदाच सुचवलं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

"मशीनले काय समजते, सर? नवख्या वाढप्यासारखं हाये ते. जो पानावर हात आडवा धरते, त्याच्याच पानात ओतते. तुमी धड्यात जरा थांबले, का त्याले वाटते आवाज कमी पडला. मंग ते पंखा, गाड्या, कुत्रे, सगळं उचलून वर आणते. शांतता म्हंजे शांतता पायजे नं बावा!"

या तत्त्वापायी गिऱ्हाईक गेलं. पातूरच्या एका पार्टीच्या हाती लग्नाची फिल्म पडली, तेव्हा त्यांचं पोरगं रांगत होतं. आता लोक मोबाईलवरच लग्न काढतात. स्टुडिओत भाऊ, एक जुना कॉम्प्युटर आणि माझं वर्तुळ, एवढेच उरलो आहोत.

पूर्वी मालतीवहिनी असायच्या. प्रत्येक लग्नात भाऊ कॅमेरा घेऊन पुढे आणि वहिनी लाईट धरून मागे. आवाज अगदी बारीक, पण सूचना अखंड चालू. इकडून घ्या, नवरीची आई राहिली, घाम पुसा. भाऊ नंतर त्यातला शब्दन् शब्द वेचून काढून टाकत. "शूटिंगवाल्याच्या घरचं बोलणं पार्टीच्या लग्नात कायले?" वहिनी हसायच्या. म्हणायच्या, "जगात एकच माणूस हाये, जो बायकोचं तोंड खरंच बंद करू शकते."

दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात वहिनी गेल्या. तेव्हापासून भाऊ जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतात. लग्नाची फिल्म आणून द्या, फुकट सुधरून देतो, म्हणतात. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मलाही तसंच वाटत होतं.

परवा मी धड्यासाठी भांडायलाच वर गेलो. तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "सर, तुमच्या लग्नाची डीव्हीडी हाये का घरी?"

"मोर्शीच्या लग्नाची? तुम्हीच तर केली होती."

भाऊ मान खाली घालून बसले. "माफ करा, सर. तुमचं लग्न मी ऑटोवर मारलं होतं. सीझन होता, चार लग्नं अंगावर होती. बटण दाबलं अन् देऊन टाकलं. कोणाले सांगू नका."

"अहो, पण आता त्याचं काय?"

"तिचा आवाज नाही माह्यापाशी. दोघं सदानकदा सोबत, फोन कोण कोणाले करन? जे जे हातानं केलं, त्यातून मीच काढली तिले. मूळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या. आता राहिली असंन तं ऑटोवर मारलेल्यातच असंन. असे कामं माह्या हातून लय झाले नाही, सर."

भांडण तसंच सोडून मी घरी जाऊन डीव्हीडी आणली.

आधी वाजंत्री, मग मंगलाष्टकं. ती संपली तरी मुहूर्ताला दोन मिनिटं होती. मांडव मुठीत अक्षता धरून गप्प उभा. मशीननं ती शांतता उचलायला सुरुवात केली. पंखा आला, कुणाचं तान्हं आलं, बांगड्या आल्या. आणि मग खोलीतच उभं राहून बोलावं तसं आलं, "अवो, मांगं वायर हाये. पडसान."

लगेच बँड सुरू झाला आणि मशीननं सगळं खाली दाबलं.

भाऊंनी तेवढंच पुन्हा लावलं. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही, मला तिथं बसवत नव्हतं. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या लग्नात अजून कुठं शांतता होती का?"

मी खूप आठवून पाहिलं. वरात, डीजे, रुसलेले मामा, पंगतीतला आरडाओरडा. आपलं लग्न जरा गुपचूप व्हायला हवं होतं, असं पहिल्यांदाच वाटलं.

"नाही हो, भाऊ," मी म्हणालो. पण माझा कमावलेला आवाज असा काही बसला होता, की त्यांना तो ऐकूच गेला नाही. चिमूट हवेत वर वर नेत ते माझ्या उत्तराची वाट पाहत राहिले.