दिवाकरभाऊंचा खालचा सूर

दिवाकरभाऊ गाताना बहुतेक वेळ गप्प असतात. फुलचूरला आमच्या शेजारी राहायला आले, त्याच्या पहिल्याच सकाळी ते गच्चीवर ताठ उभे राहिले, बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं, विहिरीच्या तळातून यावा तसा एक "ओऽऽऽ" काढला आणि पुन्हा गप्प. माझी आई अंगणात धावली. "म्हस सुटली का जी कोनाची?"

मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "आत्ता बाकीचे गाऊन राहिले ना! माझी पाळी यायची हाये."

बाकीचे जर्मनीत होते. दिवाकरभाऊ इथल्याच मिशनच्या शाळेत गायला लागले, शिष्यवृत्तीवर तिकडे गेले आणि ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, अठ्ठावीस वर्षं कोरसमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गायले. कधी शिपाई, कधी कोळी, कधी कैदी. "राजा मेला का उचलाले मीच," हे मात्र अभिमानाने सांगत.

"एकट्याने कधी गायलात?"

"कायले? कोरसमधी एकाचा आवाज येगळा आयकू आला, म्हंजे तो चुकला."

भाजीवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "घशातून नाही बाप्पा, पोटातून!" तेव्हापासून त्याची मेथी पलीकडच्या गल्लीतही ऐकू जाते.

शारदोत्सवात मंडळाने त्यांना स्टेजवर बोलावलं. लोक चालीची वाट पाहत होते, हे बोटांवर मोजत होते. माइकवाल्याने दोनदा माइक ठोकला, मग वायर बदलली. तेवढ्यात "ओऽऽऽ" आला आणि सारा मंडप हसला. दिवाकरभाऊ वाकून नमस्कार करून खाली उतरले. दुसऱ्या दिवसापासून गच्ची रिकामी. आईलाही करमेना.

पुढच्या आषाढात मी त्यांना बळेच माझ्या शेतावर नेलं. धानाची रोवणी चालू होती. बांधावर बसल्यावर मी विचारलं, "गाणं काऊन सोडलं?"

"अठ्ठावीस वर्सं दोन्हीकून कोनी ना कोनी खांद्याले खांदा लावून उभा होता," ते म्हणाले. "आता दोन्हीकून नुसती हवा लागते."

समोर बाया ओळीने वाकून चिखलात रोपं लावत होत्या. त्यांच्यातली कौतिकाबाई गाणं सांगत होती, बाकीच्या झेलत होत्या. पाहतो तर दिवाकरभाऊंची बोटं हलत होती. मग त्या गाण्याच्या खालून त्यांचा सूर आला. हळू, एकच, लांब. एकदोघी दचकल्या, एक फिसकन हसली. पण कौतिकाबाईने गाणं तोडलं नाही. इतकी वर्षं ऐकलेलं ते गाणं मला पहिल्यांदाच भरलेलं वाटलं.

दिवाकरभाऊ ओशाळून थांबले. तशी कौतिकाबाई कंबर सरळ करत ओरडली, "भाऊ, थांबले काऊन? रितं लागून राहिलं ना आमाले!"

त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले.

"सरका जी जरासे," ते म्हणाले.

बाया दोन्हीकडे सरकल्या आणि मधे त्यांच्यापुरती जागा झाली.