बजाबाईच्या गुडघ्याची सातवी सुई

दीड वर्षात सहा सुया झाल्या तरी बजाबाईचा गुडघा दुखायचा थांबेना, तेव्हा तिच्या लेकाला, शिवयोगीला, पहिला संशय आला तो दवाखान्याचा.

शिवयोगीची भवानी पेठेत रिक्षा. दर तीन महिन्यांनी आईला आणि बायकोला, वैजयंतीला, तो स्वतः दवाखान्याच्या दारात सोडायचा. आत बायकांची गर्दी असते, तू कशाला येतोस, असं आई म्हणायची. मग तो बाहेर थांबून लोकांना सांगायचा, की बायको असावी तर अशी, सासूच्या सुईची तारीख चुकवत नाही.

त्याला दोन मुली होत्या आणि आता मुलगा हवा होता. हे नवराबायकोनं मिळून ठरवलं होतं. म्हणजे तो बोलला होता आणि ती भाकरी थापत होती. आपल्याकडे एवढ्याला विचारविनिमय म्हणतात. पण दीड वर्ष झालं तरी काही लक्षण दिसेना. त्यानं मोडनिंबच्या एका बाबाकडून ताकदीची पूड आणली आणि चोरून दुधातून ढोसली. पोट तेवढं बिघडलं.

स्टँडवरचा चनबसप्पा म्हणाला, सुईत नुसतं पाणी भरत असतील. शिवयोगीनं आईकडे दवाखान्याचा कागद मागितला. कागद उंदरानं खाल्ला होता. त्यानं तेल चोळायच्या निमित्तानं गुडघा तपासला. सहा सुयांची एक खूण नाही. आणि परवा त्यानं पाहिलं, तर आई शेजाऱ्याच्या भिंतीवर चढून शेवग्याच्या शेंगा ओढत होती. त्याला बघताच ती उतरून लंगडायला लागली, तेही चांगल्या पायानं.

आता संशय दवाखान्यातून निघाला आणि घरात शिरला.

सातव्या सुईला त्यानं रिक्षा बाजूला लावली आणि दोघींच्या मागोमाग आत गेला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात नर्सबाईंनी हाक दिली, वैजयंती आत या. वैजयंती उठली. बजाबाई बाकावरच बसून राहिली.

"ओ बाई, गुडघा हिचा हाय," शिवयोगी म्हणाला.

"इथं गुडघ्याचं काही मिळत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "इथं पाळणा लांबवायचं मिळतं."

वैजयंती दंडावर कापूस दाबत बाहेर आली तोवर शिवयोगीच्या डोक्यात उजेड पडला होता. सहा वेळा. आणि सहाही वेळा त्याच्याच रिक्षातून.

"मला न विचारता?" तो म्हणाला.

"विचारलं हुतं," वैजयंती म्हणाली. "धाकटीच्या टायमाला मी मरता मरता वाचले. आता बास करू म्हणलं, तर तुमी म्हणलाव, बघू की. मग आमी बघितलं."

त्यानं आईकडे पाहिलं. निदान नातवासाठी तरी ती आपल्या बाजूची असेल, असं त्याला वाटलं.

"माझी आठ बाळंतपणं झाली," बजाबाई म्हणाली. "त्यातली तीन जगली. मला एकदाबी कुणी विचारलं न्हाय. तू आठवा हाईस म्हणून तुला ग्वाड वाटतंय."

बाकावरच्या सगळ्या बाया आता त्याच्याकडे बघत होत्या. नर्सबाईंनी वही पुढे ओढली. सुई पसंत नसेल तर पुरुषांचंही पाळणा थांबवायचं ऑपरेशन होतं, त्या म्हणाल्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम, टाका नाही. डॉक्टर सोमवारी येतात, आज नुसतं नाव लिहायचं.

शिवयोगी दोन पावलं दाराकडे सरकला. सुईला आपली काहीच हरकत नाही, असं तो घाईघाईनं म्हणाला. शास्त्र पुढं गेलंय, बाईमाणसाच्या इच्छेला मान द्यायला पाहिजे, असंही म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर सुटला असता. पण भर दवाखान्यात आपला मोठेपणा दाखवायची त्याला हुक्की आली.

"तूच सांग," तो वैजयंतीला म्हणाला. "तुला काय पायजे? तू म्हणशील तसं."

नऊ वर्षांच्या संसारात त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. वैजयंतीनं कापूस काढून टोपलीत टाकला.

"सुईनं माझं डोस्कं लई दुखतंय," ती म्हणाली. "तुमचं ते सोमवारचंच बघा की."

बजाबाई बाकावरून टुणकन उठली.

"बस बाळ हितं," ती म्हणाली. "तुझं नाव लिहून हुईस्तोवर आमी रिक्षात बसतो."