आप्पांची निम्मी बॅटरी

आप्पा टिपणीस भांडण निम्म्यावर सोडून जायचे. समोरचा माणूस नुकता कुठे रंगात आलेला असायचा, बाह्या सरसावून ठेवणीतलं काहीतरी काढायच्या बेतात असायचा, आणि आप्पा हात वर करून म्हणायचे, "थांबा. माझी निम्मी झाली. उरलेलं उद्या." आणि चालू लागायचे. भांडणाऱ्याला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा खरोखरच दारात हजर. "हं, कुठवर आलो होतो आपण?"

लग्नाच्या पंगतीत जिलबी येण्याआधी ते हात आखडता घ्यायचे. कीर्तनात पूर्वरंग संपला की उठायचे. त्यामुळे आप्पांना आख्यानं कधी कळलीच नाहीत. हरिश्चंद्राचं पुढे काय झालं, हे एकदा त्यांनी मला विचारलं होतं.

हे सगळं त्यांना त्यांच्या मोटारीनं शिकवलं, असं ते सांगत.

खोपोलीच्या वीजघरात तेव्हा मी कारकून होतो. आप्पा कोठाराचे मुख्य. चाळीत भिंतीला भिंत. ते विधुर, मूलबाळ नाही. वीजघरातला एक गोरा इंजिनियर विलायतेला परत गेला, तेव्हा त्याची विजेवर चालणारी मोटार आप्पांनी घेतली. मोटार कसली, चाकं लावलेला कोच होता तो. वळवायला चक्र नाही, होडीच्या सुकाणूसारखा दांडा. बैठकीखाली शिशाच्या पत्र्यांच्या आणि तेजाबाच्या पेट्या, त्यांना म्हणायचं बॅटरी. पेट्रोल नको, धूर नाही, आवाज नाही.

कुंभिवलीचा गणू शेतकरी तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला होता, "आप्पा, हिला बैल नाय, धूर नाय, वरडणं नाय. मंग हाय काय?"

"संयम आहे," आप्पा म्हणाले.

त्या संयमानं आम्हाला जेरीला आणलं. वीजघरात बॅटऱ्या भरायचं यंत्र होतं आणि साहेबानं आप्पांना ते वापरायची परवानगी दिलेली होती. आप्पा मोटार तिथे नेऊन लावायचे, पण लगेच नाही. आधी तिचा घाम मरू द्यायचा. मग वीज अगदी हळूहळू सोडायची. "मोठा घास घेतला की ठसका लागतो, सदूभाऊ." भरून झाली की क्षणभरही जास्त नाही, "अजीर्णानं पत्रे झडतात." आणि निम्म्याखाली तर कधीच उतरू द्यायची नाही. "उपाशी ठेवलेलं जनावर आणि उपाशी ठेवलेली बॅटरी, दोन्ही पुन्हा अंग धरत नाहीत." हे मी सकाळी ऐकायचो, कचेरीत ऐकायचो, आणि संध्याकाळी दमून ओट्यावर टेकलो की भिंतीपलीकडून, "सदूभाऊ, जागे आहात ना?" उत्तर न देणं हा एक उपाय होता. पण मग ते जागं करायला यायचे.

बॅटरीला पाणी घालावं लागे, आणि ते विहिरीचं चालत नसे. आप्पा पावसाळ्यात अंगणात मलमल बांधून पाणी धरायचे आणि चिनी मातीच्या बरण्यांत वर्षभर जपायचे. एकदा आमच्या आईनं, डाळ शिजत नाही म्हणून, त्यातलं तांब्याभर आणलं. डाळ लोण्यासारखी शिजली. आप्पांना कळलं तेव्हा ते आमच्या उंबऱ्यात येऊन नुसते उभे राहिले.

"वहिनी, आपण बॅटरीच्या तोंडचं पाणी पळवलंत."

"अहो, पाणीच ते! तुम्हालाही वाटीभर आमटी देते."

त्यांनी आमटी घेतली. निम्मीच प्यायले.

एवढा जपलेला ऐवज, पण कुणाला बसायला मिळेल तर शपथ. आप्पा एकटेच नाक्यापर्यंत जाऊन परत यायचे. बाजाराला निघालेला मनुष्य हात करायचा, तर आप्पा तितक्याच अदबीनं हात करून पुढे जायचे. चिक्कू म्हणून त्यांचा लौकिक झाला. मीही ते म्हणणाऱ्यांतलाच. एवढं राखून हा माणूस करणार काय, हे कुणाला उमगत नव्हतं.

भाताची कापणी चालली होती त्या दिवसांत माझी बायको, यमू, बाळंतपणाला टेकली होती. पहिलंच. एके दिवशी सकाळपासून कळा देत होती. दुपारी चांगुणा सुईण बाहेर आली, हात पुसत, आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "आक्का, पोर आडवं हाय गं. माझ्यानं नाय व्हायचं. कर्जतला दवाखान्यात न्या."

कर्जतची आगगाडी नुकतीच सुटली होती, पुढची संध्याकाळी. वीजघराचा खटारा घाटावर गेलेला. मी बैलगाडी बघायला म्हणून धावलो, तर दारात आप्पा. भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"बैलगाडी नको," ते म्हणाले. "तिला उचलून आणा. खाली गाद्या घातल्यात मी."

"आप्पा, पण बॅटरी भरलेली..."

"निम्मी आहे. चला."

मागच्या बैठकीवर यमू, तिचं डोकं चांगुणाच्या मांडीवर, पायाशी मी दाटीवाटीनं. मोटार निघाली ती इतकी अलगद, की यमूनं डोळे उघडून विचारलं, "निघालो का?" दुतर्फा शेतांत माणसं विळे थांबवून बघत होती. आप्पा दगडन् दगड चुकवत होते. बोलत नव्हते. मला त्यांच्या न बोलण्याचीच भीती वाटायला लागली.

मधल्या चढावर मोटार मंदावली. "सदूभाऊ, उतरा. ओझं कमी करा." मी उतरून मागून रेटायला लागलो. चढ संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर येऊन पुन्हा बसलो, तेव्हा आप्पा पुढे बघतच म्हणाले,

"आमच्या हिला ह्याच रस्त्यानं नेत होतो. तापानं फणफणलेली. पावसानं आगगाडी बंद. बैलगाडी मिळाली, पण पळसदरीच्या अलीकडे बैल बसले. पहाटेपासून ओझी ओढून आलेले होते बिचारे. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मारलं, शेपट्या पिरगाळल्या. उठेनात. पाऊस पडत होता. तिथेच गेली ती."

एक दगड चुकवून म्हणाले, "अंगात काही उरलेलंच नव्हतं हो त्यांच्या. तेव्हापासून दमलेलं काही दाराशी ठेवायचं नाही, असं ठरवलं."

चांगुणानं डोळ्यांना पदर लावला.

कर्जतची घरं दिसायला लागली तेव्हा मोटार माणसाच्या चालीनं चालत होती. आप्पा पुढे वाकून तिला हलक्या आवाजात, "चल गं, चल बाई," म्हणत होते. दवाखान्याच्या फाटकात ती थांबली, आणि मग कितीही कळ दाबली तरी हलली नाही. आम्ही यमूला उचलून आत नेलं.

डॉक्टर बाहेर यायला फार वेळ लागला. मुलगी झाली होती. दोघी जगल्या होत्या. मी फाटकाकडे धावलो. आप्पांनी ऐकलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"आप्पा, निम्म्याखाली गेली हो."

"जाऊ दे," ते म्हणाले.

कर्जतला बॅटरी भरायची सोय नव्हती. मोटार दवाखान्याबाहेर तशीच रिकामी पडून राहिली, आणि शेवटी गणूनं बैल जोडून ती खोपोलीला ओढत आणली. सगळ्या वाटेवर त्यानं लोकांना ओरडून सांगितलं, "आता कळलं रं काय कमी होतं ते!" आप्पाही हसले. मग वीजघरात त्यांनी बॅटरी हळूहळू भरून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. पत्रे पांढरे पडले होते. वीज भरायची, आणि सकाळपर्यंत निघून जायची. नवी बॅटरी बोटीनं मागवावी लागली असती. त्यांनी ती मागवली नाही. मोटार चाळीमागच्या आंब्याखाली उभी राहिली.

बारशाला चाळ लोटली. आप्पा तेवढे आले नाहीत. पाळणा म्हणून झाल्यावर यमू म्हणाली, "त्यांच्या घुगऱ्या तुम्हीच नेऊन द्या." मी द्रोण घेऊन गेलो, तर घराला कडी. मागे गेलो. आप्पा मोटारीत बसले होते. दांड्याशी नव्हे, शेजारच्या जागेवर, मांडीवर हात ठेवून.

मला पाहून ते ओशाळले नाहीत. "ह्या बाजूनं कधी बसून पाहिलंच नव्हतं," म्हणाले. "इथून डोंगर चांगला दिसतो. घाटातली गाडीसुद्धा दिसते. आमच्या हिला आवडलं असतं."

मी दुसऱ्या बाजूनं चढून दांड्यापाशी बसलो आणि द्रोण दोघांच्या मध्ये ठेवला. आमच्या घरातून पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

"आवाज खणखणीत आहे," आप्पा म्हणाले, आणि घुगऱ्या खाऊ लागले.