दाऊदमियांचा अस्सल पियानो

अकोल्याच्या दाऊदमियांसारखा कान अख्ख्या वऱ्हाडात नाही, असं लोक म्हणत. म्हणजे मिया स्वतः म्हणत आणि लोक मान हलवत! बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. अमरावतीच्या खुशालरावांनी विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून पियानो घेतला, तेव्हा तो सुरात लावायला मियांनाच बोलावणं आलं. शनिवारी डेप्युटी कमिशनरसाहेबांपुढे खुशालरावांची लेक शकुन गाणार आणि मिया पियानोवर साथ करणार. नावाचा सवाल होता!

"नागपूरचे पियानोवाले बाराही सूर सारख्या अंतरावर लावतात," मियांनी निघताना बायकोला सांगितलं. "मंग कोणत्याबी पट्टीत वाजवा, चालते. पण हर सूर जरासा खोटा!"

"मंग तसाच लावा ना," कुलसुमबी म्हणाल्या. "जराशा खोट्यानं कोणाचं पोट दुखते?"

"माहं दुखते! शकुनची पट्टी काळी एक. मी तिच्याच पट्टीत लावीन, अस्सल!"

"आन् दुसऱ्या पट्टीत?"

"दुसऱ्या पट्टीत बेसूर वाजन. पण दुसऱ्या पट्टीत गाते कोण?"

अमरावतीत मियांनी काम मांडलं. एकेक तार पिळायची आणि शकुनकडून सा लावून घ्यायचा. सकाळी सा, दुपारी सा, जेवता जेवता सा! असे आठ दिवस. शुक्रवारी गंधार असा लागला, की मियांचे डोळे भरून आले.

शनिवारी दिवाणखाना भरला. साहेब बसले. शकुन मियांच्या कानाशी वाकली. आवाज कसला, कापसाच्या जिनाचा फुटका भोंगा!

"चाचा, सा लावून लावून माहा गळा बसला. काळी एक नाही झेपत. पांढरी एक धरा."

मियांनी पट्ट्यांवरचे हात उचलले. "बेटा, पांढरीत त लय घोटाळा आहे!"

"काहून? शेजारचीच त पट्टी आहे!"

खुशालरावांनी दुरून खूण केली. मियांनी डोळे मिटून पांढरी एक दाबली. पंचम कण्हला. गंधार तर बाभळीच्या काट्यावर बसल्यासारखा किंचाळला! आपणच चुकतोय असं वाटून बिचारी शकुन पियानोच्या खोट्या सुरांमागे जाऊ लागली. पाच मिनिटं ही फरफट चालली.

गाणं संपलं आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या! हिंदुस्थानी गाणं त्यांनी प्रथमच ऐकलं होतं. ते असंच असतं, अशी त्यांची समजूत झाली. साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

"दाऊदमिया, साहेब खूश!" खुशालराव धावत आले. "आता पियानोले कोणाले हात लावू देत नाही. वरतं पितळी पाटी ठोकतो. सूर लावणारे, दाऊद मिस्त्री, अकोला!"

"रावसाहेब, नाव नका टाकू!" मिया कळवळले.

"वा! किती हा साधेपणा!"

आठवड्यात पाटी लागली. साहेबलोकांनाही वाचता यावी, म्हणून शेजारी दुसरी, इंग्रजीत!