काचघरातील सर्वोच्च भक्षक

एका हातात पाण्याने भरलेली पिशवी, पिशवीत एक जिवंत मासा आणि मुखावर अपराधी भाव, अशा थाटात पर्यावरणशास्त्राचे विभागप्रमुख सकाळी सकाळी महाविद्यालयाच्या मागच्या अंगणातील काचघरात शिरले आणि त्यांनी दार हलकेच लोटून घेतले.

हे काचघर म्हणजे त्यांचे जीवितकार्य होते. आत एक छोटे तळे, तळ्यात मासे, काठावर नेचे, वेली, गोगलगायी आणि बेडूक. सूर्यप्रकाशावाचून बाहेरचे काहीही आत जात नाही. वनस्पती अन्न निर्माण करतात, भक्षक ते भक्षण करतात आणि जे मरते त्याची माती होऊन ते पुन्हा वनस्पतींच्याच मुळाशी जाते, असे हे स्वयंपूर्ण, बंदिस्त विश्व आहे, असे ते विद्यार्थ्यांना सद्गदित कंठाने सांगत. प्रत्यक्षात मासे वरचेवर मरत असत आणि विभागप्रमुख गुपचूप नवे आणून सोडत असत. वेलींना पाणीही तेच घालत.

आज परीक्षण समिती यायची होती. प्रयोग खरा ठरला, तर विभाग टिकणार होता. खोटा ठरला, तर तो लेखाशास्त्र विभागात विलीन व्हायचा होता आणि विभागप्रमुखांना उर्वरित आयुष्य जमाखर्च शिकवीत कंठावे लागणार होते. आणि नेमका आजच तळ्यातला शेवटचा मासा पाठ खाली, पोट वर करून तरंगत होता.

त्यांनी नवा मासा पाण्यात सोडला, जुना कोटाच्या खिशात घातला, तोच बाहेर पावले वाजली. प्राचार्यांना घेऊन समिती तासभर आधीच आली होती! आता बाहेर पडणे म्हणजे स्वहस्ते विभागाचे श्राद्ध घालणे. विभागप्रमुख नेच्यांच्या जाळीमागे उकिडवे बसले.

"विभागप्रमुख कुठं आहेत?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारले.

"इथंच असतील, मॅडम. फार कामात असतात," विभागातला तरुण सहायक म्हणाला. त्याचे वाक्य किती अचूक होते, याची त्याला कल्पना नव्हती.

"असू देत. दार मोहोरबंद करा. संध्याकाळपर्यंत आतली हवा मोजू. बंदिस्त म्हणता ना? मग बंदच राहू दे."

दारावर लाख वितळली आणि मोहोर उमटली. विभागप्रमुखांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. तोही बिचारा बंदिस्त जलचक्रात सामील झाला.

घटकाभराने हवा मोजणाऱ्या यंत्रावरचा काटा चढू लागला. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"आत श्वासोच्छ्वास बराच दिसतोय. एवढा कोण करतंय?"

"बेडूक, मॅडम."

"केवढा आहे हो बेडूक?"

सहायक उत्तर जुळवीत होता, एवढ्यात विभागप्रमुखांच्या नाकपुडीत नेच्याचे पान गेले आणि काचा थरथराव्यात अशी शिंक आली. जाळी दुभंगली. हिरव्या पार्श्वभूमीवर विभागप्रमुख प्रकट झाले. त्यांच्या डोक्यावर एक गोगलगाय शांतपणे मार्गक्रमण करीत होती.

प्राचार्य मटकन बाकावर बसले. सहायकाच्या डोळ्यांपुढे मात्र लेखाशास्त्र उभे राहिले आणि भीतीने त्याच्या बुद्धीला पंख फुटले.

"हा आमचा सर्वोच्च भक्षक, मॅडम. अन्नसाखळीत सगळ्यात वर. भक्षकाशिवाय परिसंस्था पूर्ण कशी होणार?"

अध्यक्षबाईंनी विभागप्रमुखांना आपादमस्तक न्याहाळले. "आहार?"

"मिश्र, मॅडम."

"स्वभाव?"

"परीक्षा जवळ आल्या की चावतो. एरवी गरीब."

"कोट घातलाय त्यानं."

"थंडीत लोकर वाढते, मॅडम."

विभागप्रमुखांना संताप अनावर झाला. पण विभागाकडे पाहून त्यांनी तो गिळला, आणि भक्षक शोभावे म्हणून वेलीचे एक पान तोडून खाल्ले. समितीतील एका वृद्ध सदस्यांनी समाधानाने मान डोलावली.

इतक्यात विभागप्रमुखांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. काचेआड पान चघळणारे पतिदेव पाहून त्या थबकल्या.

"अहो! हे काय चालवलंय?"

"काकू, जवळ जाऊ नका," सहायक आडवा झाला. "आणि डबा आत देता येणार नाही. बाहेरून अन्न गेलं, तर परिसंस्था बंदिस्त राहत नाही."

"कसली बंदिस्त? दर आठवड्याला जिवंत मासा विकत घेतात! मला दुकानदारानं सांगितलं. घरी तर कधी आला नाही. म्हटलं, कुणाच्या घरी जातो हा मासा? आता कळलं!" त्यांनी काचेवर बोट आपटले. "आणि यांच्या खिशातून शेपटी कुणाची डोकावतेय?"

विभागप्रमुखांनी मृत मासा खिशातून काढून तळहातावर धरला. त्यांचा स्वर काचेतून क्षीण येत होता.

"मासे मरतात, मॅडम. मीच आणतो नवे. पाणीही मीच घालतो. बुरशी आली की पानं पुसतो. मी आठवडाभर आलो नाही, तर इथं काही जगणार नाही. प्रयोग खोटा आहे."

"लेखाशास्त्राच्या वर्गात एक खुर्ची रिकामी आहे," प्राचार्य खोल आवाजात म्हणाले.

अध्यक्षबाई मात्र उठून काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्हाला यातून काढलं, तर सगळं कोसळेल?"

"हो, मॅडम."

"अहो, मग खोटा कसा? एक जीव काढला की अख्खी परिसंस्था ढासळते, त्या जीवाला आपण आधारभूत प्रजाती म्हणतो. पुस्तकात आयुष्यभर वाचली, पाहिली आज! तुम्ही फक्त सीमा चुकीची आखलीत. स्वतःला बाहेर धरलंत. तुम्ही आतलेच." त्या समितीकडे वळल्या. "विभाग मंजूर!"

विभागप्रमुखांचे नेत्र भरून आले. ते लगबगीने दाराकडे निघाले.

"कुठं निघालात?"

"बाहेर."

"आधारभूत प्रजातीला अधिवासातून हलवायचं? आत्ता तुम्हीच सांगितलंत, सगळं मरेल म्हणून. मोहोर राहू द्या!"

विभागप्रमुखांचा हात कडीवरच राहिला. विभाग वाचला होता. तो चालवणारा तेवढा काचेआड अडकला होता.

"आणि घर?" पत्नींनी विचारले.

"तोही अधिवास आहे का, ते तपासू," अध्यक्षबाई गंभीरपणे म्हणाल्या. "बाई, नीट आठवून सांगा. यांना घरातून काढलं, तर काय कोसळेल?"

पत्नी विचारात पडल्या. आत वाफ साचली होती. त्यांचे ओठ दिसावेत म्हणून विभागप्रमुखांनी बाहीने काच पुसली. पत्नींनी आकाशाकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, बोटे मोडली.

"घोरणं थांबेल," त्या अखेर म्हणाल्या.

विभागप्रमुखांचे खांदे पडले. सहायकाने सहानुभूतीने दुसरीकडे पाहिले.

"म्हणजे काहीच कोसळत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"थांबा ना, पुरतं बोलू तर द्या!" पत्नींचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "मागं हे परगावी गेले होते, तेव्हा घरात इतकं शांत, इतकं शांत, की मला डोळ्याला डोळा लागला नाही. जेवणसुद्धा जाईना. शेवटी शेजारीण म्हणाली, काय हो, आजारी आहात का?"

काचेच्या आत कोणीतरी नाक ओढले. तो बेडूक नव्हता.

समितीने माथी एकत्र आणली. पुष्कळ कुजबुज झाली. वृद्ध सदस्यांनी एकदा 'गोगलगाय' असा शब्द उच्चारला, पण त्याला पाठिंबा मिळाला नाही. शेवटी अध्यक्षबाईंनी निर्णय दिला.

"प्राणी दोन अधिवासांत राहतो. दोन्हीकडं गरजेचा आहे. म्हणजे स्थलांतर करणारा झाला. दिवसा इथं, सायंकाळी तिकडं. स्थलांतराच्या वाटेत कुणी आडकाठी करायची नाही."

"म्हणजे शिक्षकांची सायंकाळची बैठक?" प्राचार्यांनी आशेने विचारले.

"ही आडकाठी."

अध्यक्षबाईंनी स्वहस्ते मोहोर फोडली. ओलेचिंब विभागप्रमुख बाहेर आले, आणि पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी डब्याकडे हात पसरला.

"थांबा!" अध्यक्षबाई कडाडल्या. "बाई, अशा प्राण्याला हातानं खायला घालू नका. सवय लागते."

पत्नींनी विभागप्रमुखांच्या डोक्यावरची गोगलगाय अलगद उचलून पानावर ठेवली.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच लागलीय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला.