डोणीतले सात लेटलतीफ

शनिवारी सकाळी कॉलेजला निघण्याआधी सिप्रियनने विहिरीजवळच्या दगडी डोणीत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेरच काढलं नाही. तेव्हा ओट्यावरून सालोमीबायने विचारलं, "फुटली का रे तलवार?"

"नाय फुटली, आय."

"चौदा महिने झाले! तेवढ्यात माणसाचं पोर चालाय लागतं."

सिप्रियन वसईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि सांडोरच्या घरामागे मासे पाळून पीएच.डी. करायचा. हे मासे खायचे नाहीत, हे गावाला पटवण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. बोटाएवढे, मूळचे मेक्सिकोचे स्वोर्डटेल ते. नर वयात आला की त्याच्या शेपटीला खालून लांब तलवार फुटते. तोवर तो मादीसारखाच दिसतो. काही नर चार महिन्यांतच वयात येतात आणि मग त्यांची वाढ खुंटते. काही जण वर्षभर रेंगाळतात आणि तोवर अंगाने चांगले दांडगे होतात. ही घाई किंवा हा उशीर पोरांच्या रक्तात बापाकडून उतरतो, हे सिप्रियनला सिद्ध करायचं होतं.

घाईवाल्या बापाची पोरं खिडकीतल्या बरण्यांत होती. ती वेळेवर वयात येऊन तलवारी मिरवत होती. उशीरवाला बाप मात्र आपल्या सात पोरांसह डोणीत होता. त्याचा आकार आणि तोरा पाहून घरात त्याला 'पाटील' म्हणत. पोरांच्या पाठीवरच्या परावर बापासारखाच लाल ठिपका होता. तो फक्त मुलग्यांनाच येतो, तेव्हा ते मुलगे होते यात शंका नव्हती. पण तलवार एकालाही नाही! आणि सोमवारी मुंबईहून सिप्रियनचे गाइड डॉ. विद्याधर नाडकर्णी येणार होते. त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, 'या खेपेस तलवार दिसली नाही, तर विषय बदला.' विषय बदलायचा म्हणजे चार वर्षांची मेहनत पाण्यात.

"तू बी तसलाच," सालोमीबाय म्हणाली. "छत्तीस वर्षांचा घोडा झाला, लग्नाचं नाव नाय."

सिप्रियन सायकल काढायला वळला. आलेलं प्रत्येक स्थळ आयनेच मोडलं होतं. एकीचा आवाज मोठा, एकीचं माहेर फार जवळ, आणि पापडी गावची ती मास्तरीण तर म्हणे हसताना डोळे मिटत होती.

त्याच दिवशी शेजारच्या फर्डिनंडच्या घरी मांडव घातला होता. रविवारी त्याचं लग्न. आदल्या संध्याकाळी पाच बायकांनी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालायची, ही रीत. विहीर दोन्ही घरांची सामाईक. चार वाजता फर्डिनंडची बहीण फ्लॉसी पुढे, मागे चौघी, त्यामागे बँड, अशी मिरवणूक विहिरीवर आली. फ्लॉसीने कळशी आत सोडली आणि वर ओढताना दोर तुटला. कळशी गेली तळाला.

"आता?" फ्लॉसी रडकुंडीला आली. दुसरा दोर शोधायला वेळ नव्हता. बँडवाल्यांना पाच वाजता आगाशीचं दुसरं लग्न गाठायचं होतं आणि ते वाजवता वाजवताच घड्याळाकडे बघत होते.

सालोमीबाय शेजारधर्माला कधी चुकली नव्हती. "रडते कशाला? ही डोण भरलेली हाय ना! पानी ह्याच विहिरीचं. बुडवा हंडे!"

डोण शेवाळाने हिरवीगार होती. बँडच्या दणदणाटात पाच हंडे भराभर बुडाले. तळाशी उरलेलं सालोमीबायने स्वतः तांब्याने खरवडून शेवटच्या हंड्यात ओतलं. हंड्यांच्या तोंडांवर आंब्याची पानं ठेवली गेली आणि मिरवणूक परत फिरली.

सव्वाचारला सिप्रियन सायकलवरून उतरला. डोणीत बोटभरही पाणी नव्हतं. शेवाळ होतं, पाटील नव्हता, पोरंही नव्हती.

"आय! मासे कुठे?"

सालोमीबायने तोंडाला पदर लावला. "अगो बाय! मासे आत होते नाय का?"

सिप्रियन तसाच धावत सुटला. मिरवणूक मांडवाजवळ पोचली होती. टाचा उंचावून तो एकेका बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातली पानं बाजूला सारून डोकावू लागला. बायका किंचाळल्या. बँडवाल्यांना वाटलं, गडी रंगात आलाय. त्यांनी चाल वाढवली. फर्डिनंडच्या दोन काकांनी त्याच्या बगलेत हात घालून त्याला नाचायला ओढलं. तो सुटायची धडपड करी तसे लोक टाळ्या पिटत. "मास्तर काय नाचतात हो!"

तो कसाबसा सुटून मांडवात घुसला तेव्हा अंगाला तेल चोपडलेला फर्डिनंड पाटावर बसला होता आणि फ्लॉसीने हंडा उचलला होता.

"थांबा!" सिप्रियन जिवाच्या आकांताने ओरडला. "हे होता कामा नये!"

बँड थांबला. उद्याच्या गाड्यांचं ठरवायला आलेले नवरीचे मामा सेबॅस्टियन खुर्चीतून उठले.

"आमच्या आग्नेसमध्ये काय वाईट हाय? तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली. अडचण असेल तर बोला म्हणून फादरने तीनदा सांगितलं. तेव्हा तोंड नव्हतं तुला?"

"मामा, आग्नेसचा काय संबंध! माझी पोरं हायेत त्या हंड्यात!"

"पोरं?" मामा मटकन खाली बसले. "लग्न नाय नि पोरं?"

"सात!" सिप्रियन म्हणाला. "आणि बाप!"

हे ऐकून फ्लॉसी गर्रकन वळली. हंडा कलंडला, फर्डिनंडच्या डोक्यावरून पाणी ओघळलं आणि पाण्याबरोबर पाटील त्याच्या मांडीवर येऊन आदळला. "साप! साप!" करत फर्डिनंडने उडी मारली. पाटील जमिनीवर तडफडला. सिप्रियनने झेप घेतली, पण टेबलाखालच्या मांजरीने त्याच्या आधी घेतली.

उरलेले चार हंडे तांदळाच्या रोवळीतून गाळून घेतले. एक, दोन, तीन करत सातही पोरं सापडली आणि मांडवात आनंदाची आरोळी उठली. मामांनी स्वतः शेवटचं पोर ओंजळीत धरलं होतं. पण सिप्रियनला फार वाईट वाटलं. पाटील गेला होता.

सोमवारी नाडकर्णी सर आले. डोणीत वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"बहिणी-बहिणी छान आहेत."

"सर, भाऊ आहेत."

"असतील. पण तलवार नाही, बाप दाखवायचा तर तोही नाही. महिनाभर थांबतो. नाहीतर नवा विषय."

त्यानंतर सिप्रियनला खाणंपिणं सुचेना. आणि अठराव्या दिवशी सकाळी तो असा काही ओरडला की फर्डिनंड नव्या बायकोला घेऊन कुंपणावरून उडी मारून आला. एका पोराच्या शेपटीला खालून काट्याएवढं टोक आलं होतं! दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना. महिना भरायच्या आत सातही जण तलवारबहाद्दर झाले आणि निम्मं सांडोर डोणीवर रांग लावून ते बघून गेलं.

शनिवारी सर आले. चष्मा पुसून पुन्हा लावला. "चौदा महिने काही नाही आणि आता एकदम सात! काय बदललंत? खाणं?"

"नाही, सर."

"पाणी?"

"पाणी याच विहिरीचं. फक्त... बाप गेला."

सर ताडकन सरळ झाले. "म्हणजे उशीर रक्तात होताच. बरण्यांतल्यांपेक्षा दहा महिने जास्त लागले. पण त्यातला काही उशीर बापाचाही होता! अहो, हे तर दुप्पट झालं! रक्ताचा वाटा किती आणि बापाच्या वचकाचा किती, ते आता मोजायचं. विषय बदलायचा नाही, वाढवायचा!" त्यांनी सिप्रियनचा हात धरून गदागदा हलवला. सिप्रियनच्या डोळ्यांत पाणी आलं.

चहा घेऊन आलेली सालोमीबाय तिथेच थबकली. "बाप मारायचा का हो पोरांना?"

"नाही हो. काहीच करत नाही तो. नुसता समोर असतो. सगळी डोण त्याची. मग पोरं अंगाने वाढतात, पण वयात यायचं धाडस करत नाहीत."

"प्रेमाने करत असेल तो."

"असेलही. पण पोरांना त्याचा काय उपयोग?"

सालोमीबायने चहा ठेवला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिसा झाल्यावर सिप्रियन घरी येतो तर ओट्यावर तिची पेटी बांधून तयार.

"आगाशीला बर्थाकडे जाते," ती म्हणाली. "महिनाभर."

"का? बर्थाला बरं नाय का?"

"तुझ्या बहिणीला काय झालंय! त्या माशांना अठरा दिवस लागले. तू माणूस, म्हणून मी महिना धरलाय."

पेटी उचलून सिप्रियन तिच्याबरोबर फाट्यावर गेला. एस.टी. आली. सालोमीबाय खिडकीजवळ बसली, तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "पापडीच्या मास्तरणीचं अजून ठरलं नाय म्हणतात. बघ, तुझं तूच बघ. मी मधे पडणार नाय."

"आय..."

कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. चार पावलं गेली असेल नसेल, तोच खिडकीतून सालोमीबायचं डोकं बाहेर आलं.

"पण हो म्हणायच्या आधी मला विचार, हां!"