सिद्रामअण्णांच्या पुस्तकाला बसणारं गाणं

आमच्या वरच्या मजल्यावरचे सिद्रामअण्णा एकदा भर दुपारी दारात येऊन म्हणाले, "वैनी, भुताच्या गोष्टीला कुठलं गाणं बसतंय ओ?"

माझे हात पिठाचे. म्हटलं, "भुताला गाणं कशाला लागतं, अण्णा?"

"भुताला न्हाई ओ, मला! वाचताना. सकाळी भजन लावून बसलो, तर भूत यीनाच की. देवाचं नाव चाललंय म्हटल्यावर येईल कसं ते?"

चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. माणूस खरोखर अडला होता.

अण्णा सूतगिरणीच्या ऑफिसातून रिटायर होऊन जुळे सोलापुरात राहायला आले. वाचनाचा नाद दांडगा. लायब्ररीतली बाई म्हणायची, यांना पुस्तक देऊन पाठ वळवावी, तर हे परत हजर. पण महादेवीअक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि अण्णांचं वाचन ठप्प झालं. नातू रांगायला लागला, लेक नोकरीवर रुजू झाली, बाळाला बघायला म्हणून अक्का तिथंच राहिल्या, आणि इकडे अण्णांचं एक पुस्तक काही पुरं होईना.

"ओळी दिसत्यात, पण आत काय जाईना बघा," ते कळवळून सांगायचे. "वाचन सुटलं तर दिवसभर करू काय मी? भिंती बघू?"

त्यावर गाणं लावून वाचायचं, हा उपाय त्यांनी स्वतःच शोधला. आता गाणं कुठलं, एवढंच ठरायचं होतं. ते ठरेपर्यंत आमच्या जिन्याला चैन पडली नाही.

सनई लावली, तर त्यांना लग्नातली जेवणावळ आठवली. "दोन पानांत भूक लागली ओ! उठून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आन् झोपलो." सतार लावली, तर वाजवणाऱ्यानं शेवटी वेग घेतला, त्याच्यामागं यांचे डोळेही धावले. "अख्खं प्रकरण संपलं. कोण कुणाचा मामा, काय कळलं न्हाई." लढाईच्या कादंबरीला पोवाडा लावला, तर पुस्तकात मावळे अजून गडाच्या पायथ्याशी आणि पोवाड्यात गड सर झालेला. "पुढं वाचून करू काय? जिंकलो की आपण!"

दर वेळी शेवट एकच. मान हलवून म्हणायचे, "बसंना की, वैनी."

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, शब्दच आडवे येतात तुम्हाला. मराठी पुस्तकाला मराठी गाणं लावूच नका."

"तितंच तर मेख हाय," अण्णा पायरीवर टेकले. "लहानपणी घरात कन्नड. शाळा मराठी. भवानी पेठेत शेजार सगळा तेलुगू, खेळायला जोडीदार दखनी बोलणारे. कुठलं बी गाणं लावा, मला कळतंयच की! पुस्तकात बाप मरायलाय, गाण्यात बाई झोका घ्यायलीय. रडू का झोका देऊ?"

सोलापुरात जन्मल्याचा असा तोटा झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग मीच मोबाइलवर शोधून एक असमिया गाणं दिलं. म्हटलं, घ्या, यातलं अक्षर कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा आणखीच काळजीत. "वैनी, ती बाई कुणाला तरी हाका मारायलीय. लई आर्त. आला का न्हाई ओ तो?" पुस्तक राहिलं बाजूला, यांना त्या बाईचा घोर.

मी मेली चौकशीखोर. जन्मात रेडिओचं बटण न फिरवलेल्या माणसाला आत्ताच गाणं कशाला हवं, हे मला सुटेना. शेवटी खवचटपणे म्हटलं, "कानात कापसाचे बोळे घालून वाचून बघा."

अण्णा दचकलेच. "नको नको! त्यानं तर अजूनच शांत हुतंय."

एवढं बोलून ते भराभरा जिना चढून गेले. मी तिथंच उभी राहिले. काहीतरी कळल्यासारखं झालं, पण नीट कळलं नाही.

त्यानंतर वरचं गाणं बंद पडलं. सनई नाही, सतार नाही. वाटलं, दमला बिचारा, सोडलं वाचन. मला काही ते बरं वाटेना. चार गरम भाकऱ्या घेऊन वर गेले.

दार उघडंच होतं. अण्णा खुर्चीत, मांडीवर पुस्तक. समोर स्टुलावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, आणि त्यातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. पाठोपाठ भांडं आदळलं, नातू किंचाळला, आणि महादेवीअक्कांचा खणखणीत आवाज आला.

"...तर मी म्हटलं त्या भाजीवालीला, अगं, मेथी हाय का गवत हाय ही? तर म्हणती कशी, आजी, पुण्यात अशीच असतीया..."

"हं," अण्णा म्हणाले. नजर पुस्तकात. मी पाहिलं, पुस्तक निम्म्याच्या पुढं गेलं होतं.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हलक्या आवाजात, लाजत म्हणाले, "चाळीस वर्सं हिला म्हणत आलो की वैनी, जरा गप बस, मला वाचू दे."

हातातल्या भाकऱ्या ठेवायचंही मला सुचेना.

तिकडं मेथीची गोष्ट संपली. नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. मग अक्का बोलल्या, पण आवाज एकदम हळू.

"अवं, वाचायलात न्हवं? मगापासनं पान उलटल्यालं ऐकू आलं न्हाई मला."

अण्णांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग पुस्तक उचलून मोबाइलच्या अगदी जवळ नेलं आणि न वाचलेलं एक पान मोठ्यानं उलटलं.